तिसरी कॉफी

—नाही ग पोरी, होडी नाही मिळायची आता. कुठं गेली म्हणून काय विचारतेस, ती काय, तळ्याच्या मधोमध! तिच्यात होडीवाला रादोसाव बसलाय, वल्ही आत घेऊन, इकडं पाठ करून. सकाळपासून. माझ्यामुळं! हसू नकोस— बरं हस, मलाच कुठं आवरतंय. बस बाकावर. ही घे कॉफी, पहिली, 'या, बसा' म्हणायची. प्रिगानित्से घे, आमचे पिठाचे गोळे, आत्ताच तळलेत, मध लाव चांगला.

झालं काय, बर्फ वितळल्यापासून परत बर्फ पडेस्तोवर हा रोज माझ्या टपरीवर येतो, कॉफी पितो, ट्राउट माशांवर बोलतो आणि जातो. माझा नवरा वूको गेला, त्याची बायको दारिंका गेली— पण कधी वावगा शब्द नाही हो. आणि आज? पांढरा सदरा! इस्त्रीचा! दाढी करताना हनुवटी कापून घेतलेली! या जंगलात इस्त्री कुणासाठी ग, अस्वलांसाठी? माझ्यासाठी! मी काय दुधखुळी आहे? छातीत नुसती धडधड, या वयात, लाज वाटते सांगायला— नाही वाटत, खोटं कशाला बोलू. घे, दुसरी ओतते, ही गप्पांची.

त्यालाही दिली दुसरी. पण गप्पा कुठल्या! बसला गुडघ्यावर टोपी फिरवत. "मिलुंका," म्हणाला, आणि थांबला. "मिलुंका, हिवाळ्यात खाली कोलाशिन गावात तू एकटीच…" आणि परत थांबला. मला ती शांतता सोसेना, हाताला काहीतरी चाळा हवा, म्हणून भांडं उचललं आणि ओतली— काय ओतली? तिसरी! तुमच्यात नसेल, आमच्यात तिसरी कॉफी म्हणजे 'उठा आता, वाट धरा'! माझी आजी नकोशी स्थळं अशीच घालवायची! त्यानं कपाकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, "बरं" म्हणाला, टोपी घातली, आणि थेट तळ्यात. हाक मारू म्हणतेस? मी? वनरक्षक ऐकेल, त्याची बायको ऐकेल, संध्याकाळपर्यंत अख्खं कोलाशिन ऐकेल! आमच्याकडं माणूस उपाशी मरेल, पण मान नाही वाकवायचा.

काय? कुठला कप? तो? अग तो त्याचाच— अगबाई! भरलेला आहे की! थेंबही प्यायला नाही मेला! ती कॉफी प्यायल्याशिवाय पाहुणा गेला असं होतच नाही ग, म्हणजे हा अजून बसलेलाच आहे माझ्याकडं! धर हा झारा. धर म्हणते ना! रादोसाव! अरे ए रादोसाव! एकटीच असते मी हिवाळ्यात! एकटीच! आणि मला मुळीच आवडत नाही!

…ऐकलं सगळ्यांनी. ऐकू दे. तो बघ, उभा राहिला— खाली बस, बुडशील गाढवा! वल्ही घेतली. वळला ग, वळला! माझे केस बघ, पीठ लागलंय का? राहू दे. आण तुझा कप इकडं. ही घे, पी पटकन.

कितवी आहे ही? मोजलीस ना? मग ऊठ की.