झाकणभर पाणी

हॅलो?… हॅलो…

कोणतं व, हिरवं झाकण?

कपिल, दोर ढिला हाये म्हशीचा, बांध आधी.

नाई व, फोडणी नोको देऊ वरणाले. सुतक हाये.

काय म्हणलं फोनवर, कॅल्शियम?

हॅलो… कोण, समीक्षा?… थांब माय. एका कानात शेजारीन, एका कानात तू, अन् मंदात तुह्या भावाची म्हैस… हं. ओट्यावर आली मी. बोल आता.

पोचली ना पुण्याले नीट?… जेवली?… खोटं बोलू नोको, आवाजावरून समजते मले.

काय?… कोणतं पाणी?… तुह्यं? थे काचेच्या बाटलीतलं, सोड्यासारखं? बुडबुड्याचं?… हव… हव… हळू बोल व. मोबाईलवर वाचलं?… त्यात कॅल्शियम असते, अन् त्यानं मुतखडा वाढते… कोणं लिहिलं थे?… नाई, बाई. नाई. अवं आयक ना. आयक माह्यं.

म्या इचारलं डॉक्टरले. यवतमाळच्या. तुह्या बाबाले आत नेलं, तवाच. बाटली घेऊनच गेलती मी, पिशवीत… मले काय मालूम, वाटलं दाखवा लागत असन. त्यायनं चष्मा वर करून वाचली सारी. म्हणे, आजी, ह्या पाण्यानं नाई झालं हे. कॅल्शियम असलं तरी त्याले भ्यायचं कारण नाई. अंगाले पाणीच कमी पडलं, म्हणे. लघवी घट्ट झाली, खडा नळीत अडकला, वर पू झाला, थो रक्तात गेला… बस. एवढंच बोलले.

मंग तुह्यी चूक कुठी आली?… सांग ना, कुठी आली?

…हव. बोरचं पाणी बंद करा, हेच प्या, असं म्हणलं होतं तुनं. मंग? सारं ढाणकी गावच तसं म्हणते. गंजाले, भांड्यायले पांढरा थर चढते त्या पाण्याचा, तुह्या डोयानं पाह्यला तू.

…केलं ना बंद. त्याच दिवशी. बोरच्या पाण्याचा गुंड पालथा घातला अन् म्हणे, पोरीनं सांगतलं, आता खलास. कपिल म्हणे, कॅन लावू पाण्याची. तर कॅनलेही नाई. माह्यी लेक धाडून राह्यली ना, म्हणे, इलायती.

…नाई, संपलं नाई थे… हायेत बाटल्या… अर्धा खोका असन… अवं, पेतच होते… मी कायले खोटं बोलू?… समीक्षा, जाऊ दे ना. नोको इचारू… पेत होते व. दोन टाइम. सकाळी अन् दिवेलागणीले.

झाकणानं.

…हॅलो?

झाकणानं, माय. खोकल्याचं औषध घेते तसं. त्यायले औषधच वाटे थे. काचेची बाटली, बारीक अक्षरं. जादा झालं तर गुर्दा जळन, म्हणे. अन् वरून पाणी पेलं तर औषध पातळ होते, म्हणून वरून घोटभर नाई… मी नाई का भांडली? भल्ली भांडली. म्हणलं, अवो, पाणी हाये थे! साधं पाणी! तर मलेच म्हणे, तुले काय अक्कल हाये का व? पाणी कोणी पार्सलनं धाडते का?

…चहा पेत. झाकण पेत. अन् सोयाबीनमंदी जात, उन्हात.

…तुले सांगा लागत होतं, हव… रोज फोनवर इचारे तू, पाणी पेता ना बाबा? अन् थे म्हणत, पेतो ना, तुह्यंच पेतो… खोटं नव्हतं व थे. काय सांगू मंग मी तुले?

रडू नोको… अवं रडू नोको. तुनं तर पाणी धाडलं, पोरी. झाकण कोणाच्या मनात येते?

काय?… फेकून देऊ?… नाई. कायले फेकू? खाटेच्या जागी दिवा लावला हाये ना, तेरवीलोक, तेरा दिवस. बाजूले पाणी ठेवा लागते त्यायच्यासाठी. बोरचं नाई ठेवत मी. तुह्यंच ठेवते. पेला काठोकाठ भरून… सकाळलोक बुडबुडे मरून जाते, मंग थे तुळशीले टाकते, नवं ओतते. शेजारीन थेच इचारत होती, बाटलीचं हिरवं झाकण कुठी ठेवू. म्हणलं, थे फेक. झाकणच फेक.

हॅलो?… समीक्षा?… आवाज नाई येत व… हॅलो… टावर गेला वाटते… हॅलो?…

पहिल्या दिवशी बुडबुडे नाकात गेलते, तं तुह्ये बाबा लय हासले होते.