जिन्याखालची बाटली

मंडळी, बसा. पुढे सरका, मागे बाया उभ्या आहेत. आणि ते मोबाइल बंद करा. तुम्ही तिकडे बोलत बसाल, आणि देव इकडे ताटकळत बसेल!

आज एकच प्रश्न विचारतो. सोपा आहे. आपण एखादी चांगली वस्तू जपून ठेवतो. कशासाठी? चांगल्या दिवसासाठी! बरोबर? मग मला सांगा, तो चांगला दिवस दारात आला, की त्याला ओळखायचं कसं? त्याच्या गळ्यात पाटी असते का?

नसते ना! मग ऐका. आजच्या आख्यानात राजा नाही, ऋषी नाही, राक्षस तर नाहीच. आजच्या आख्यानात आहे एक जिना. आणि जिन्याखाली — वाइन!

बघा, बघा! खांबाला टेकून झोपलेले उठून बसले! पेटीवाले तात्यांनी चष्मा पुसला! तात्या, तुम्ही माळकरी, तुम्ही सूर धरा. घोट धरू नका!

तर आपल्या दिंडोरीच्या बाजूचं एक गाव. तिथे दौलतराव बोरस्ते नावाचे द्राक्षबागाईतदार. त्यांची बायको अनसाबाई. आणि दौलतरावांचा लहानपणापासूनचा मित्र, कचेश्वर. तीन माणसं. नावं विसरू नका, नाहीतर शेजारच्याला विचाराल, आणि तोही झोपलेला असेल!

दौलतराव आणि कचेश्वर, दोघांनी मिळून वाइनच्या द्राक्षांची पहिली बाग लावली. गाव हसलं! 'अरे, खायची द्राक्षं सोडून ही बारकी, बियांची द्राक्षं कोण घेणार?' पण वाइनच्या कारखान्यानं घेतली. आणि पहिल्या मालाच्या वाइनची एक बाटली दोघांना भेट दिली. वर चिठ्ठी चिकटवलेली — 'दौलत-कचेश्वर'.

कचेश्वर म्हणाला, "दौल्या, फोडू या!"

दौलतराव म्हणाले, "येडा का रे तू? अशी वस्तू फोडतात का? मुरू दे. एखाद्या चांगल्या दिवशी दोघं मिळून फोडू."

ठरलं! बाटली गेली शोकेसमध्ये, टीव्हीच्या शेजारी. दुपारचं ऊन तिच्या अंगावर, संध्याकाळी मालिका तिच्या कानावर. वर्षं गेली. दरवर्षी कारखाना आणखी एक-दोन बाटल्या द्यायचा. फोडायची कोण? कोणी नाही! त्या सगळ्या आतल्या कपाटात मुरत बसल्या.

आता झालं काय, एकदा कारखान्यानं बागाईतदारांना आत नेऊन तळघर दाखवलं. थंडगार, अंधारं, बाटल्या ओळीनं आडव्या झोपलेल्या. दौलतराव तिथे असे उभे राहिले — हात जोडून! लग्नात अंतरपाट दूर झाला तेव्हासुद्धा त्यांचे डोळे एवढे मोठे झाले नव्हते. असं अनसाबाई सांगतात, मी नाही.

घरी आले ते म्हणाले, "मला तळघर पाहिजे."

अनसाबाई म्हणाल्या, "काळ्या मातीत खणा तळघर. पावसाळ्यात पोहायला होईल."

मग कुठे? घरभर फिरले. आणि जिन्यासमोर थांबले. जिन्याखालची जागा! आता मंडळी, तुमच्या जिन्याखाली काय आहे? केरसुणी, तुटकी सायकल, रंगाचे डबे. पण अनसाबाईंच्या जिन्याखाली होत्या बरण्या! चिनी मातीच्या. आंब्याचं लोणचं, लिंबाचं, मोरंबा, खारातल्या मिरच्या. प्रत्येकीच्या तोंडावर पांढरा दादरा बांधलेला. आणि नियम एकच — ओला हात लावायचा नाही! बरणीला हात लावायच्या आधी तळवा दाखवायचा. जावयालासुद्धा सोडलं नाही!

अशी एक बरणी आमच्याही घरात आहे. असू द्या. तिचं नंतर.

तर नाशिकहून केतन नावाचा एक इंटिरियरवाला आला. गुडघ्यावर बसला, टॉर्च मारला, भिंतीला हात लावला. म्हणाला, "काका, जागा मस्त आहे. वाइनला ऊन नको, उष्णता नको, हलणं नको."

अनसाबाई म्हणाल्या, "मग माझ्या बरण्या इथे काय खेळायला बसल्यात?"

केतन हसला. दौलतराव हसले नाहीत. बरण्या निघाल्या! गेल्या स्वयंपाकघरातल्या माळ्यावर, तापलेल्या स्लॅबखाली. मोरंबा आठवड्यात फसफसला. अनसाबाई काही बोलल्या नाहीत. मंडळी, बाई बोलते तेव्हा भिऊ नका. बोलत नाही तेव्हा भ्या!

जिन्याखाली काम सुरू झालं. भिंतींना आतून जाड फोम. थंड हवेचं मशीन. सागाची फळी, तिला खाचा पाडलेल्या, जिना जसा खाली उतरतो तशा खाचाही उतरत गेलेल्या. काचेचं दार. केतन म्हणाला, "काका, बाटली आडवी ठेवायची. बूच ओलं राहिलं पाहिजे. सुकलं की हवा शिरते, वाइन बिघडते." दौलतरावांनी बाटल्या अशा निजवल्या, जसं तान्हं बाळ! सगळ्यात वरच्या खाचेत 'दौलत-कचेश्वर'. दाराला कुलूप. आणि किल्ली? करगोट्याला! जागरणाला बसले तरी किल्ली वाजायची.

मग नियम सुरू. "जिन्यावरून धावू नका, वाइन हलते!" "दार आपटू नका, वाइन दचकते!" रोज संध्याकाळी नवरा-बायको खालच्या पायरीवर बसून चहा प्यायचे. ती मेथी निवडायची, हे बागेचं सांगायचे. ते बंद! का? मशीनची गरम हवा नेमकी तिथेच बाहेर पडायची. चहा राहिला बाजूला, माणूसच उकळून निघायचं!

सांगा मंडळी, जिना कोणासाठी असतो? वर जायला, की खालच्याला जपायला?

आता खरी गोष्ट. दिवाळीच्या आधी, छाटणी झाल्यावर, कचेश्वर आला. पायऱ्यांपाशी उभा राहिला, काचेतून आत बघितलं. म्हणाला, "दौल्या, मी बाग दिली रे दुसऱ्याला कसायला. कंबर चालत नाही. भाऊबीज झाली की मुलाकडे चाललो, बडोद्याला. कायमचा."

दौलतराव म्हणाले, "कायमचा कसला? येशील."

"येईन की नाही, काय माहीत. आपली बाटली फोडू या का?"

आता बोला! मित्र दारात उभा. बाटली समोर. किल्ली कमरेला. काय अडलं होतं? आणि दौलतराव म्हणाले — "अजून मुरू दे. तू परत आलास की फोडू. तो दिवस चांगला."

कचेश्वर 'बरं' म्हणाला. चप्पल घातली. चहासुद्धा न घेता गेला.

अनसाबाईंनी आतून हे सगळं ऐकलं. त्या पुन्हा गप्प!

दोन दिवसांनी दिवाळीची साफसफाई निघाली. दौलतराव अंघोळीला गेले. करगोट्याची किल्ली काढून साबणाच्या खिडकीत ठेवली, आणि अंघोळ झाल्यावर तिथेच विसरून बागेत गेले. मंडळी, दिवाळीच्या साफसफाईत बाईच्या हाती किल्ली लागली, की देवसुद्धा मध्ये पडत नाही!

अनसाबाईंनी दार उघडलं. बघतात तर काय — धूळ! आणि सगळ्या बाटल्या आडव्या पडलेल्या! त्यांच्या हिशेबी आडवी बरणी म्हणजे सांडलेली बरणी. त्यांनी काय करावं? वर्षानुवर्षं बरण्यांचं करतात तेच केलं! टबात साबणाचं पाणी केलं, बाटल्या भिजत घातल्या, नारळाच्या शेंडीनं घासल्या, स्वच्छ पुसल्या — आणि ओट्यावर कडक उन्हात ओळीनं उभ्या केल्या! बुचं मळकी दिसली, म्हणून त्यांना पांढरी फडकी बांधली!

दौलतराव बागेतून आले. लांबून त्यांना वाटलं, ओट्यावर टोपीवाले पाहुणे बसलेत.

जवळ आले. "अगं! अगं हे काय केलंस!"

"धुतल्या. किती मळल्या होत्या! आता बघा कशा चकचकीत."

"चिठ्ठ्या कुठायत? चिठ्ठ्या!"

"त्या होय? टबात तरंगतायत. लगदा झाला."

चिठ्ठ्या गेल्या! सगळ्या बाटल्या एका कारखान्याच्या, एका घाटाच्या. आता 'दौलत-कचेश्वर' कोणती? दौलतराव आत येऊन जिन्याच्या पायरीवर मटकन बसले. इतके मटकन की खालची वाइन नक्की हलली असती. पण खाली होतीच कुठे! म्हणाले, "आता मी कचेश्वरला काय दाखवू? सगळ्यांतून आपली ओळखू कशी?"

अनसाबाईंनी पदराला हात पुसले. म्हणाल्या, "उघडून बघा. आणि एकट्यानं नका बघू. तो कमरेनं वाकलेला माणूस भाऊबीज झाली की निघालाय, त्याला बोलवा. त्या द्राक्षांची चव तुम्हा दोघांनाच ठाऊक."

हे त्यांनी मुद्दाम केलं की चुकून? मी विचारलं नाही. तुम्हीही विचारू नका. आपल्याला घरी जायचंय!

कचेश्वर आला. दोघं पायरीवर बसले. स्टीलचे पेले. पहिली बाटली उघडली. दौलतराव म्हणाले, "हीच!" कचेश्वर म्हणाला, "ही कसली? ही गारपिटीच्या सालाची, पातळ लागते." दुसरी. कचेश्वर म्हणाला, "हीच!" "छे! या साली आपण विहिरीसाठी भांडलो होतो. आठवतं का? महिनाभर बोललो नाही." "चूक तुझी होती." "तुझी!" मग तिसरी. एकेक घोट, एकेक साल. हशा असा, की शेजारी जमा झाले. माळकऱ्यांनी लांबून वास घेतला — तेवढाच! तात्या, हसू नका, तुम्हीही घेतला असता.

आणि मग एक बाटली उघडली. कचेश्वरनं घोट घेतला. त्याचं तोंड असं आंबलं, डोळ्यांत पाणी आलं. म्हणाला, "दौल्या, ही आपली."

"कशावरून?"

"आंबट झाली रे. सगळ्यांत जास्त तू हिलाच जपलंस ना!"

शोकेसमधलं ऊन लागलं होतं. वर्षानुवर्षं उभी होती, बूच सुकलं होतं. जिन्याखाली निजवली तेव्हा ती कधीच गेलेली होती. ज्या बाटलीसाठी घरभर नियम केले, ती जिवंतच नव्हती!

दौलतराव पेल्याकडे बघत राहिले. म्हणाले, "तू म्हणालास तेव्हाच फोडायला पाहिजे होती."

कचेश्वर म्हणाला, "आज बसलो ना पायरीवर? मग झालं." आणि त्यानं तो आंबट पेला संपवला! मित्राची वस्तू, टाकणार कशी? मग दौलतरावांनीही संपवला. दोघांची तोंडं वाकडी, आणि हसू आवरेना!

अनसाबाई म्हणाल्या, "उरलेलं आणा इकडे. कांद्यावर ओतते." छोट्या बरणीत कांदे घातले, वर ती आंबट वाइन, मीठ, मिरची. दादरा बांधला. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी कचेश्वर गाडीत बसला तेव्हा बरणी त्याच्या मांडीवर होती. गाडीच्या खिडकीशी येऊन अनसाबाई ओरडल्या, "भाऊजी, ओला हात लावू नका!"

आजही त्या जिन्याखाली मशीन गारगार चालतं. आत मोरंबा आहे, लिंबाचं लोणचं आहे. कुलूप कुठे गेलं, कोणाला माहीत नाही. आणि संध्याकाळी नवरा-बायको चहा घेऊन पायरीवर बसतात. मशीनचं तोंड मागच्या भिंतीतून काढलंय.

तर मंडळी, आता तुमच्याकडे वळतो. हसलात ना दौलतरावांना? तुमच्या कपाटात काय आहे? नवीन कप कोणत्या पाहुण्यासाठी ठेवलेत? भावाला करायचा फोन कोणत्या मुहूर्तावर ठेवलाय? 'अजून मुरू दे' म्हणत कोणाकोणाला दारातून परत पाठवलंत?

मघाशी म्हणालो होतो, आमच्या घरातही एक बरणी आहे. लिंबाचं लोणचं. आमच्या मंडळींनी घातलेलं, शेवटचं. ती गेली, आणि मी ती बरणी पुसतो, परत ठेवतो, पुसतो, परत ठेवतो. लिंबाचं लोणचं काही बिघडत नाही. म्हणून काय ते पुसतच बसायचं? तिनं लोणचं घातलं, ते काय बघत बसायला? तिच्या घरातून कोणी ताक-भाकरी खाल्ल्याशिवाय गेलं नाही.

तात्या, ती कापडी पिशवी द्या इकडे. हळू.

ही बघा. दादऱ्याची गाठ तिची आहे. घट्ट बांधायची. हं... सुटली.

वास आला? आज प्रसादाला पेढे नाहीत, मंडळी. एकेक फोड आहे, पुरवून घ्या. ओळीनं या. आणि तळवे दाखवा आधी.

कोरडे हात, बरं का!