आजची हजेरी

स्वरदा : ...आणि तुम्ही असे डोळे मिटून पडलात की मला कळत नाही, झोपलात की काय. म्हणून म्हणते आजोबा, आज क्लास सोडते.

गोपीनाथ : मी डोळे मिटतो ते तुझी बडबड थांबावी म्हणून. ओढणी घे, निघ.

स्वरदा : डॉक्टरांनी घरी पाठवताना बाबांना काय सांगितलं, ते मी दाराआडून ऐकलंय.

गोपीनाथ : तो कालचा पोरगा काय सांगणार? अठ्ठ्याहत्तर साली गंगेच्या पुरात साक्षात यम आला होता मला न्यायला. रामघाटाच्या गल्ल्या पाण्याखाली, मी गच्चीवर तापाने फणफणलेला. तो नावेतून उतरतोय तोवर त्याचा रेडा गेला वाहत, थेट राजघाटाच्या पुलापर्यंत. तो रेड्यामागे गेला, माझं राहून गेलं.

स्वरदा : मागे तर रेडा मणिकर्णिकेला अडकला होता.

गोपीनाथ : तो दुसरा रेडा.

स्वरदा : हसवू नका. खोकला येतो तुम्हाला.

गोपीनाथ : हजेरीचं काय म्हणाल्या तुझ्या मॅडम?

स्वरदा : कुछ नहीं. नेहमीचंच.

गोपीनाथ : स्वरदा.

स्वरदा : साफ बोलल्या. आज आली नाहीस तर परीक्षेला बसू देणार नाही. आधीच फार क्लास बुडलेत.

गोपीनाथ : माझ्या उशाशी बसून.

स्वरदा : आणि वर्ष गेलं तर बाबा नाव काढून टाकणार कॉलेजातून. स्थळं बघायला लागलेत ते.

गोपीनाथ : मग विचारतेस काय? जायलाच हवं. तुझा बाबा येईल संध्याकाळी ड्यूटीवरून. माझ्याजवळ पाणी ठेव नि जा.

स्वरदा : हे काय, भरून ठेवलंय.

गोपीनाथ : हे नळाचं. गंगेचं दे.

स्वरदा : गंगेचं... नाहीये घरात.

गोपीनाथ : अजिबात नाही?

स्वरदा : शेवटचा सीलबंद गडू तुम्हीच दिलात, त्या साताऱ्याच्या यजमानांना.

गोपीनाथ : बघ आता. जन्मभर यात्रेकरूंना गडू भरून दिले. तिकडे साताऱ्यात प्रत्येकाच्या देव्हाऱ्यात शेवटच्या घोटाची सोय आहे. आणि आपण गंगेच्या काठावर राहून कोरडे. खाली उतरलं की आहेच, म्हणत राहिलो.

स्वरदा : पण तुम्हाला आत्ता कशाला हवंय?

गोपीनाथ : तहान लागली.

स्वरदा : मग नळाचं का चालत नाही?

(गोपीनाथ भिंतीकडे तोंड करतो.)

स्वरदा : आजोबा, इकडे बघा. रेडा नको, पूर नको. खरं सांगा. संध्याकाळपर्यंत थांबाल ना?

गोपीनाथ : थांबेन की. यमाला सांगेन, नातीची परीक्षा आहे, जरा खाली चहा पिऊन ये. बनारसी चहा प्यायला की तो काही इतक्यात...

स्वरदा : आजोबा.

गोपीनाथ : हं.

स्वरदा : मी जाऊ का कॉलेजला?

गोपीनाथ : आधी पाणी आण. अहिल्याबाई घाटाकडे नको जाऊस, लांब पडेल. इथल्याच पायऱ्या उतर.

स्वरदा : आणि मग?

गोपीनाथ : कॉलेजची बॅग आज इथेच राहू दे.