डेरिंजर पडले तेव्हा दोन्ही हात कुठे होते

नाव : आर्डिथ केसिंजर. वय : सत्तावन्न. धंदा : शाळेची बस चालवणे. राहणार : बेल क्रीक, मिसुरी, जुन्या गिरणीच्या रस्त्यावर, पाण्याच्या टाकीसमोर.

मी शेरीफच्या कचेरीतले डेप्युटी हॅस्केल यांच्यासमोर हजर राहून, कोणी न शिकवता, सांगते ते असे. शिकवायचा प्रयत्न झाला, तो पुढे येईलच.

वरील पत्त्यावर मी माझे पती लोवेल केसिंजर यांच्यासह राहते. ते आमच्या गावच्या नेमबाजी क्लबात नवशिक्यांना शिकवतात. क्लबाने त्यांना तसा बिल्ला दिलेला आहे. घटनेतले पिस्तूल दोन नळ्यांचे डेरिंजर आहे, मुठीत मावणारे, स्वस्तातले. ते माझे आहे. लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला लोवेलने मला दिले. शेजारणींना त्या दिवशी कानातली मिळतात, पण माझी तक्रार नव्हती, कारण पिस्तुलाबरोबर महिनाभर शिकवणी मिळाली.

त्या शिकवणीत मला सांगितले ते असे. घरी आणले की काडतुसे काढून वेगळ्या कप्प्यात ठेवायची. नळीचे तोंड कायम गोळ्या अडवणाऱ्या मातीच्या बांधाकडे. नळी इतकी आखूड असते की डाव्या हाताचे बोट नकळत तिच्या तोंडापुढे जाते, म्हणून लोवेल डाव्या हाताची पहिली दोन बोटे निळ्या चिकटपट्टीने एकत्र बांधतो. ही त्याची स्वतःची पद्धत आहे, क्लबात दुसरे कोणी असे करत नाही. आणि सगळ्यात मोठा नियम असा, की पिस्तूल रिकामे आहे हे कानाने ठरवायचे नाही, नळ्या उघडून डोळ्यांनी बघायचे.

या रविवारी प्रार्थना संपल्यावर लोवेलने माझ्या खणातून डेरिंजर उचलले. मी विचारले, "कुणासाठी?"

"नवी मंडळी आहेत. स्वस्तातलं आहे, शिकायला बरं."

मंडळी म्हणजे ट्वायला रोबक होती, एकटी. वय एकोणपन्नास, विधवा, आमच्याच चर्चमधली. त्याआधी दोन रविवार ती निळी चिकटपट्टी लावलेली बोटे घेऊन बाजारात फिरताना मी पाहिली होती. सुरीने कापले असेल असे मी स्वतःला सांगितले. घरची चिकटपट्टी मात्र संपत आली होती, आणि आमच्या घरात कुणाला काही कापलेले नव्हते.

मी रविवारच्या जेवणासाठी बटाट्याचे सॅलड घेऊन क्लबाच्या मैदानावर गेले. जेवणाच्या टेबलापासून नेमबाजीची जागा चार-पाच पावलांवर आहे. लोवेल ट्वायलाच्या मागे उभा होता. तो म्हणाला, "हिचा चाप मागे ओढायचा नाही, खाली दाबायचा. ओढलास तर रुसते, दाबलास तर ऐकते."

ट्वायला खुदकन हसली. हे वाक्य त्याने मला ऐकवले तेव्हा मीही तशीच हसले होते. ते माझ्यासाठी सुचले होते अशी माझी आजवर समजूत होती. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, हे लिहून घ्यावे.

तिने दोन्ही नळ्या भरल्या होत्या. पहिली गोळी बांधात गेली. दुसरीसाठी तिने घोडा, म्हणजे नळीमागचा खटका, चढवला तेवढ्यात कोणीतरी निशाणाचा कागद बदलायला पुढे निघाले, म्हणून लोवेलने थांबवले आणि तिच्या अंगठ्यावर आपला अंगठा ठेवून घोडा हळूच खाली सोडला. त्या कामाला लागतो त्यापेक्षा जास्त वेळ लागला. या पिस्तुलाचा घोडा दर वेळी चढवला की नळी बदलते. त्यामुळे तिने परत चढवून चाप दाबला तेव्हा आधीच उडालेल्या नळीवर नुसते टक वाजले. "संपल्या!" ट्वायला म्हणाली. ते ऐकून लोवेलने तिला घोडा आणखी एकदा चढवून सावकाश सोडायचा सराव करायला लावला. म्हणजे घोडा आता भरलेल्या काडतुसावर टेकला होता, आणि अशा वेळी नुसत्या धक्क्यानेही गोळी उडते. नळ्या उघडून कोणीही बघितले नाही. मला शिकवताना लोवेल प्रत्येक वेळी बघत असे. त्या दिवशी त्याचे डोळे दुसऱ्या कामात होते.

डेप्युटींनी विचारले, "आर्डिथबाई, गोळी एकच उडाली हे तुमच्या ध्यानात आलं नाही?"

माझे लक्ष आवाजाकडे नव्हते.

ट्वायलाने डेरिंजर टेबलाच्या काठावर, तिने आणलेल्या पीच कॉबलर या गोड पदार्थाच्या भांड्याशेजारी ठेवले. मग मला म्हणाली, "आर्डिथ, वाढते हं मी. तुझा नवरा किती धीराचा आहे गं! नशीबवान आहेस."

"धीराचा आहेच. घरातला फुटका नळ वर्षभर धीर धरून बसलाय," मी म्हणाले.

बांधलेल्या बोटांनी चमचा धरता येईना, म्हणून तिने डावा हात लोवेलपुढे केला. तो चिकटपट्टी सोडवू लागला. माझी बोटे मी नेहमी दातांनीच सोडवत आले आहे. त्याने काहीतरी सांगितले, ती हसून वळली, आणि तिच्या उजव्या कोपराचा धक्का लागून डेरिंजर खडीवर पडले. पडताच उडाले. गोळी लोवेलच्या डाव्या पोटरीतून आरपार गेली. मी त्याचाच पट्टा काढून पाय आवळला आणि माझ्या गाडीने इस्पितळात नेले. तिथल्या लोकांनी आपल्याकडे कळवले.

इस्पितळात लोवेल मला म्हणाला, "हे बघ, माझ्याच हातून पडलं असं सांग. मी तसंच सांगितलंय."

"आणि तुझा बिल्ला?"

"गेला तर गेला. तिला क्लबातून काढतील गं. बिचारी आताशी कुठे चार माणसांत यायला लागलीय."

"लोवेल, गेल्या वर्षी ट्रक मागे घेताना दिवा कुणी फोडला?"

तो म्हणाला, "आता ते कशाला मध्येच?"

तो दिवा त्याने फोडला होता. पण आजही विचारणाऱ्याला तो माझेच नाव सांगतो. एकतीस वर्षांत माझ्यासाठी एका काचेचा दोष न घेतलेला माणूस तिच्यासाठी पोटरीतली गोळी अंगावर घेऊन मोकळा झाला. खोटे बोलून मी दोघांनाही वाचवू शकले असते. त्याला बायकोचा आधार मिळाला असता आणि तिला रविवारची शिकवणी. मग माझ्याकडे काय उरले असते, ते मला सांगता येत नाही.

डेप्युटींनी विचारले, "डेरिंजर लोवेल यांच्या हातून पडलं नाही, हे तुम्ही एवढ्या खात्रीने कसं सांगता?"

मी म्हणाले, "हॅस्केल, तू लहानपणी माझ्याच बसने शाळेत जायचास. मागच्या बाकावर कोण कुणाचा हात धरतंय ते मला गाडी चालवताना आरशात दिसायचं की नाही?"

डेप्युटी म्हणाले, "दिसायचं."

तर लिहून घ्यावे. डेरिंजर खाली पडले त्या क्षणी लोवेल केसिंजर यांच्या हातात ते असणे शक्य नव्हते. त्यांचे दोन्ही हात ट्वायला रोबकच्या बोटांवर होते.

पिस्तुलात दोष नाही. त्याला जसे वागवले तसे ते वागले. चौकशी संपल्यावर ते माझे मला परत मिळावे.

हा जबाब डेप्युटींनी मला मोठ्याने वाचून दाखवला. त्यात एके ठिकाणी "पतीचे पिस्तूल" असे पडले होते, ते खोडायला लावून मी "माझे" केले. "माझे पती" जिथे जिथे आहे तिथे काय करू, असे त्यांनी विचारले. ते आज आहे तसेच राहू द्यावे असे मी सांगितले. बाकी मजकूर मी सांगितला तसाच आहे, खाली सही माझी आहे.

आर्डिथ केसिंजर