वरवंट्याचे दोन ठोके

टक्, टक्!

मंडळी, ऐकलंत? विनायकराव, पखवाजाच्या कडेवर पुन्हा एकदा वाजवा, नुसत्या बोटानं – टक्, टक्! अस्सा आवाज. भिंतीवर वरवंट्याचा. दुपारचे तीन, घर चिडीचूप, आणि दीड महिन्यानं भिंतीतून हा आवाज आला! कुणाचा, ते सांगते. आधी एक प्रश्न. भांडण दुसऱ्यांचं, अबोला आपला – तर आधी बोलायचं कुणी? लहानानं? मोठ्यानं? ज्याचं चुकलं त्यानं? उत्तर मनात ठेवा, शेजारणीला सांगू नका. तसंही बोलता कुठं तुम्ही तिच्याशी!

तर ऐका. कासारवेढे नावाचं नगरपंचायतीचं गाव. तिथं ढवळ्यांच्या दोन सुना, सख्ख्या जावा. थोरली यमुना, धाकटी शालन. एकाच भिंतीच्या अलीकडे-पलीकडे दोघींची स्वयंपाकघरं. एकीनं चहा टाकला की वरवंट्यानं भिंतीवर दोन ठोके द्यायचे, दुसरी हजर! निरोप नाही, फोन नाही. बावीस वर्षं.

दोघींचे नवरे एकाच पक्षात. लोकसेतू पक्ष, आणि चिन्ह काय? पाटा-वरवंटा! सभा असली की सतरंज्या या दोघींनी अंथरायच्या, भाषणं बाकीच्यांनी करायची. हसताय, पण सतरंजी न अंथरता उभा राहिलेला पक्ष मी तरी पाहिला नाही.

मग पक्ष फुटला. का फुटला? मला विचारू नका, ज्यांनी फोडला त्यांनाही धड सांगता येत नाही. पुढारी दोन. भाऊसाहेब म्हणाले, पक्ष माझा. नानासाहेब आपली माणसं घेऊन बाहेर पडले, 'नवलोकसेतू' काढला, आणि वर म्हणाले, चिन्हही आमचंच! थोरला ढवळे भाऊसाहेबांकडे राहिला, धाकटा नानासाहेबांकडे गेला. निकाल लागेपर्यंत निवडणूक आयोगानं चिन्ह गोठवलं. आता मला सांगा, कागदावरचं चिन्ह गोठतं, घरातला वरवंटा कसा गोठेल? पण गोठला! थोरला बायकोला म्हणाला, "त्या गद्दारांच्या भिंतीला हात लावायचा नाही." पलीकडेही तेच फर्मान निघालं. फक्त गद्दार बदलले!

खरा पक्ष कुणाचा हे ठरवायला प्रतिज्ञापत्रं हवी होती. कोण कुणाबरोबर, ते शपथेवर लिहून द्यायचं. थोरल्यानं घरी कागद आणला. "सही कर."

"काय लिहिलंय?"

"आपलंच लिहिलंय."

केली तिनं सही. बायांनो, अशा किती सह्या केल्यात आपण? हात वर करायला सांगत नाही मी.

आणि पुढच्याच आठवड्यात – टक्, टक्! यमुना कणीक मळत होती. तशाच हातांनी पळाली! शालननं चहा दिला, आलं ठेचून, थोरलीला आवडतो तसा. मग खाली बघत एक कागद पुढं सरकवला.

"अक्का, एवढी सही दे. आपल्या वॉर्डातल्या बायकांचे कागद मी जमवले तर निवडणुकीचं तिकीट मला देणार आहेत. आजवर सतरंज्याच अंथरल्या गं."

यमुनेनं विचारलं, "म्हणून ठोकलंस?"

शालननं पेन पुढं केलं. यमुनेनं सही केली. कागदाला पीठ लागलं.

झालं! दोन्हीकडे एकच नाव, एकच सही. पडताळणीला आयोगाच्या साहेबांचं बोलावणं आलं. साहेब म्हणाले, "बाई, यातला एक कागद खोटा आहे. शपथेवर खोटं लिहिणं गुन्हा असतो. कुठला खोटा?"

बघा पेच! एका खुर्चीवर नवरा, दुसऱ्या खुर्चीवर शालन. पहिला खोटा म्हणावं तर नवरा तोंडघशी. दुसरा म्हणावं तर शालनचं तिकीट जातं.

यमुना म्हणाली, "साहेब, आधी दोन्ही वाचून दाखवा."

साहेबांनी वाचलं. एकात धाकट्या जोडप्याला गद्दार म्हटलेलं, दुसऱ्यात थोरल्याला.

"दोन्ही खोटे," यमुना म्हणाली. "सह्या माझ्याच. न वाचता केल्या, ती चूक माझी. पण माझ्या घरच्यांना मी गद्दार म्हणत नाही."

"मग तुम्ही नक्की कुणाकडे?"

"सध्या कुणाकडेच नाही, साहेब. नुसत्या चहालासुद्धा कुणी बोलवत नाही."

साहेबांनी ताकीद दिली, दोन्ही कागद बाद केले. आणि फुटल्यापासून पहिल्यांदाच दोन्ही पक्षांचं एकमत झालं – यमुनाबाईला काढा! शालनचं तिकीट दुसरीला गेलं. भिंत पुन्हा मुकी.

आता सांगा, ठोकायचं कुणी? शालननं चहाचा ठोका कागदासाठी वापरला. यमुनेमुळे शालनचं तिकीट गेलं. चुकलं कुणाचं जास्त? काढा शोधून, म्हातारे व्हाल! यमुनेनं शोधलंच नाही. दोन दिवसांनी चहा टाकला, वरवंटा उचलला – टक्, टक्!

उत्तर नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी पुन्हा. नवरा खेकसला, "लाज कशी वाटत नाही?"

"तुमचं चिन्ह गोठलंय," ती म्हणाली. "माझा वरवंटा नाही."

रोज दोन कप गाळायची, रोज एक निवायचा. नऊ दिवस! दहाव्या दिवशी ठोका द्यायच्या आधीच दारात शालन. हातात रिकामी कपबशी, डोळे सुजलेले.

"अक्का, दुपारची झोपू देत नाहीस तू."

"मग ये की आत. आलं ठेच."

मंडळी, एवढंच आख्यान. आधी कुणी बोलायचं? ज्याला अबोला ऐकू येतो त्यानं. आता डोळे मिटा. कुणाच्या झेंड्यापायी आपण कुणाचं दार सोडलंय, ते आठवा, आणि मगच देवापुढं हात जोडा. विनायकराव, आरतीचा ठेका धरा…

थांबा, थांबा. माझी लेक पदर ओढतेय. काय गं रेवा? मोठ्यानं बोल, सगळ्यांना ऐकू दे.

"आई, मामानं दुसरा झेंडा लावला तेव्हापासून आपण त्याच्याकडे जात नाही. तुला ऐकू येत नाही का गं?"