येस मॅडम, वन वेल

तुमच्या नळाला पाणी कुठून येतं, याची कधी काळजी केली आहे का तुम्ही? आमचं घर इथल्या ट्रॉय शहरापासून बरंच लांब, तिथे सिटीचं पाणी नाही. सगळं अंगणातल्या विहिरीवर, म्हणजे इथल्या भाषेत वेलवर, चालतं. शेजारच्या शेतात एका कंपनीला खडीची खाण खोदायची होती. खोल खोदून भूजल उघडं पडलं आणि त्यात डिझेल सांडलं, की आमचं पाणी गेलंच.

परवानगीच्या सुनावणीला मी लेकीला घेऊन गेले. कंपनीचा माणूस म्हणाला, "आसपास विहिरी नाहीतच." माझा नंबर आला, मी उभी राहिले आणि घाबरून गप्पच झाले. अध्यक्षबाईंनी प्रेमाने विचारलं, "वेल?"

मी म्हटलं, "येस मॅडम! वन वेल. बॅकयार्डमध्ये."

सगळा हॉल हसला. लेक कुजबुजली, "आई, शी डिडन्ट मीन दॅट!" पण बाई हसू आवरत लोकांकडे वळल्या, "आणखी कुणाकडे आहे?" भराभर हात वर झाले. कंपनीचा माणूस आपले कागद चाळू लागला.

शेवटी ठरलं, की आधी सगळ्या विहिरींचं पाणी तपासायचं, खोदकाम भूजलाच्या वरच थांबवायचं आणि डिझेल तिथे साठवायचं नाही. तरच परवानगी. घरी येऊन मी आधी ग्लासभर पाणी प्यायले, तेव्हा कुठे जिवात जीव आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कंपनीचा तोच माणूस पाण्याचा नमुना घ्यायला आला, दारात अवघडून म्हणाला, "वेल...", आणि मी त्याला सरळ मागच्या अंगणात नेलं.