वेलांटीवरची वीण

— नाही हो, घाई नका करू. शर्ट माझ्या टेबलावर, तुम्ही बनियनवर, जाणार कुठे? पंख्याखाली बसा. इस्त्री तापते आहे अजून. या कामात घाई केली ना, की अक्षर कापडाला धरत नाही, वरच्या फिल्मलाच चिकटून उठतं — मग बसा कपाळाला हात लावून. असेच आणखी दोन हवेत म्हणालात? बघू. सूनबाई मशीनवर व्हिनाइलची, म्हणजे त्या प्लास्टिकच्या पापुद्र्याची, अक्षरं कापते, मी चिकटवतो. डोकं तिचं, हात माझे. उभा जन्म लाँड्रीत इस्त्री केली, दुसरं येतंय काय मला? शाळेत गेलो तो हजेरीपुरता. पण पाठीवरचं हे 'गॅस तपासणी' मीच बसवलेलं — बघताक्षणी ओळखलं, आपलं लेकरू गर्दीतही ओळखू येतं तसं. फक्त ही शेवटची वेलांटी सुटली. विंचवासारखी नांगी वर करून बसली आहे बघा. तो चष्मा द्या जरा. हां.

हे काय?

नाही, काही नाही. म्हटलं, मध्ये कुणी हिच्यावर इस्त्री फिरवली होती का? बटर पेपर न ठेवता, नुसता टॉवेल टाकून? व्हिनाइल तापलं की मऊ पडतं, वर जे ठेवाल त्याचा ठसा घेतं... बायकोने फिरवली असेल? असेल, असेल. पाणी घेता? नको? बरं. शर्ट जरा उलटा करतो. उलट्या बाजूने ऊब द्यावी लागेल याला. वेळ लागेल.

तोवर एक सांगू? मला थोरली बहीण आहे. अक्का. शहराच्या पार त्या टोकाला राहते, एकटी. तिच्याकडे मागे एक माणूस आला, गॅस तपासायला. शेगडी बघितली, नळी बघायला खाली वाकला, आणि अक्काने काय बघावं? त्याच्या पाठीवरचं अक्षर सुटलंय! म्हणाली, असा फिरतोस होय रे कामावर? काढ तो शर्ट, आत्ता बसवून देते. अशी आहे ती. रस्त्यात अनोळखी पोराचं बटण लोंबताना दिसलं, तरी पिशवीत सुई शोधेल. तर तो बसला तिच्या खुर्चीत — बनियनवर, तुम्ही आत्ता बसलात ना, अगदी असाच — आणि तिने टॉवेल टाकून इस्त्री फिरवली. मग ती चहा ठेवायला गेली स्वयंपाकघरात. त्याच्यासाठीच. कप घेऊन बाहेर येते, तर माणूस नाही आणि कपाटातली सोन्याची साखळी नाही. शर्ट मात्र घालून गेला. गरमागरम.

का उठलात? बसा. सूनबाई आत आहे, हाक मारली की येईल.

टॉवेल सगळ्यांकडेच असतात — बरोबर आहे तुमचं. असे बारीक चौकड्यांचे तर घरोघरी. पण अक्काच्या टॉवेलला मधोमध रफू आहे. तिनेच केलेलं, दुहेरी दोऱ्याचं, जरा वाकडं — म्हणाली, हातच तर पुसायचेत, त्यांना कुठे डोळे आहेत? तिच्याकडे जेवलो की त्यालाच हात पुसतो मी. बोटांना पाठ आहे ते रफू. आणि त्याचा ठसा इथे आहे. या वेलांटीवर. हात लावून बघा. नको? बरं.

साखळीचं तिला काही नाही हो. जाऊ दे म्हणते. पण दार उघडत नाही ती आता. मला — सख्ख्या भावाला! मी बाहेर, ती आत. अक्का, मी आहे. तर म्हणते, बोल. अगं मीच. तर म्हणते, आणखी बोल. आवाज ओळखते, तरी म्हणते, आणखी बोल. मी जन्माचा घुम्या. बायको म्हणायची, तुमच्या तोंडून शब्द काढायचा म्हणजे खोल विहिरीतून घागर ओढायची. तो मी, दाराबाहेर उभा राहून भाजीचे भाव सांगतो, हवापाणी सांगतो, शेजारच्या कुत्रीला पिल्लं झाली ते सांगतो, तेव्हा कुठे कडी निघते. परवा तीही नाही निघाली. डबा उंबऱ्यावर ठेवून परत आलो. रस्ताभर वाटत होतं, डबा तरी आत घेईल ना ही?

म्हणून इतकं बोलतोय. सवय लागली. सूनबाई घरी असती तर तिनेच तुमचं काय ते —

आत आहे म्हणालो होतो, नाही का? नाही. माहेरी गेली आहे. कुणी नाही घरात. मी आहे, आणि ही इस्त्री. ढकललंत तर पुन्हा उठायचा नाही मी. पण इस्त्री माझ्या हातात आहे, आणि शर्ट तिच्याखाली.

वास येतोय? सुटणाऱ्या डिंकाचा आहे. मघापासून चिकटवत नव्हतो, बाळा. काढत होतो. ऊब द्यायची, चिमट्याने ओढायचं. 'गॅस' गेला. 'तपासणी' गेली. डाग राहील थोडा, धुता धुता जाईल — की नाही जायचा, सांगता येत नाही. वेलांटी मात्र माझ्याकडे राहील. उद्या अक्काच्या दाराखालून आत सरकवीन. बोट फिरवलं की ओळखेल ती आपलं रफू. सांगेन, अक्का, त्या शर्टावर आता काही लिहिलेलं नाही. आता उघड.

हा घे. गरम आहे, जपून. बटणं नीट लाव. आता कुणाचं दार वाजवलंस आणि आतून विचारलं, कोण आहे, तर स्वतःचं नाव सांगावं लागेल तुला. साखळी कुठे आहे ते तुला ठाऊक, आणि अक्काचं घरही. पुढे काय करायचं ते मी नाही सांगत बसत.

जा आता. आणि दार — नको, ओढू नकोस. उघडं राहू दे.